रॉकवाल्याने 'चेक युवर हेड'पासून सुरुवात करावी

लेड झेपेलिन आणि ब्लॅक सॅबथ या रॉक बँड्सवर वाढलेल्या माणसाला रॉक मिसळलेला हिप-हॉप अल्बम रुचेल का, असा प्रश्न आहे. रुचेल, पण सुरुवात कुठून करता यावर बरंच अवलंबून आहे. माझं मत बीस्टी बॉईज या रॅप त्रिकुटाच्या 'चेक युवर हेड'ला (१९९२).

हे तिघे मुळात न्यूयॉर्कचे हार्डकोर पंकवाले, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक वाजवणारे. १९८६च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी झेपेलिनचे तुकडे उचलले, एका गाण्यात स्लेयर या मेटल बँडच्या केरी किंगकडून गिटारही वाजवून घेतली; पण तिथला रॉक मला थट्टेचाच वाटतो. 'चेक युवर हेड'मध्ये मात्र ते स्वतः वाद्यं घेऊन बसले: अ‍ॅड-रॉक गिटारवर, एमसीए बेसवर, माइक डी ड्रम्सवर, सोबतीला मनी मार्कचे कीबोर्ड. 'ग्रॅटिट्यूड'मधला तो फझ लावलेला (मुद्दाम खरखरीत केलेला) बेस ऐका, आपण रॅपवाल्यांचा अल्बम लावलाय हे विसरायला होतं. 'टाइम फॉर लिव्हिन' तर सरळसरळ हार्डकोर, आणि गाणं मूळ स्लाय अँड द फॅमिली स्टोन या फंक (ठेकेदार, नाचरं संगीत) बँडचं! मधले फंकचे नुसत्या वाद्यांचे तुकडे जरा रेंगाळतात, ते खुशाल पुढे ढकला.

गिटार सोलोची वाट बघाल तर मात्र हिरमोड होईल. इथे सगळा भर ठेक्यावर. शब्द कळत नाहीत म्हणून अडू नका. पहिल्या खेपेला बेस आणि ड्रम्स धरून ऐका. आवाज मुद्दाम फाटका ठेवलाय, 'सो व्हॉट्चा वॉन्ट'मध्ये तर गळेसुद्धा. हे पचलं तर पुढे हिप-हॉपवाल्या द रूट्सचा 'फ्रेनॉलॉजी' (२००२) लावा, त्यांचा तर अख्खा बँडच आहे.