अमुक-तमुक ॲक्सिस: सीई-आरएनएच्या नावाने चाललंय काय?

खवट_मिरी:
काल इथे एका सदस्याने लेख टाकला की सीई-आरएनए (एकाच मायक्रोआरएनएसाठी आपसात स्पर्धा करणारे आरएनए) ही पेशीची गुप्त भाषा आहे, ती उलगडली आणि आता कॅन्सरचं कोडं सुटल्यात जमा. खाली 'छान माहिती'चा रतीब. प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा.

कल्पना 2011 ची, बोस्टनच्या पांडोल्फींच्या लॅबमधली. मायक्रोआरएनए म्हणजे दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचा आवाज दाबणारे इवलेसे आरएनए. ते मोजके, त्यांना धरणारे आरएनए ढीगभर. मग एक आरएनए वाढला की तो मायक्रोआरएनए शोषणार आणि दुसरा सुटणार. कागदावर झकास. पण प्रती कुणी मोजायच्या? 2014 मध्ये डेन्झलर, बार्टेल, स्टोफेल मंडळींनी उंदराच्या यकृतपेशींत मिर-122 या मायक्रोआरएनएवर हेच मोजलं. पेशीमागे त्याला चिकटायच्या दीड लाखाच्या आसपास जादा जागा ओतल्याशिवाय बाकीची टार्गेटं (तो ज्यांना दाबतो ते आरएनए) ढिम्म हलली नाहीत. तुमचे 'स्पंज' म्हणवणारे बहुतेक लाँग नॉनकोडिंग आरएनए (प्रोटीन न बनवणारे लांब आरएनए) पेशीत मोजके. भरल्या विरार लोकलमधून दोन माणसं उतरली म्हणून कुणाला बसायला मिळतं का?

रानवारा:
लोकल राहू द्या. झाडांत हे 2007 मध्येच सिद्ध झालंय, म्हणजे बोस्टनवाल्यांनी बारसं करायच्या चार वर्षं आधी. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्याला फॉस्फेट कमी पडलं की आयपीएस-1 हा आरएनए मिर-399 ला धरून बसतो. जोडीत मधेच फुगवटा असल्याने तो कापलाही जात नाही. पण झाडांचं कोण वाचतं? ग्रँट कॅन्सरला.

खवट_मिरी:
आयपीएस-1 फॉस्फेटच्या उपासमारीत धो-धो बनतो. म्हणजे माझंच म्हणणं झालं.

बायोइन्फो_भाऊ:
कालचा लेख माझा. टिंगल सोपी असते. पीटेन या कॅन्सर रोखणाऱ्या जीनचा स्यूडोजीन (जीनची प्रोटीन न बनवणारी नक्कल) पीटेनपी-1 काही कॅन्सरमध्ये गायब होतो, 2010 चा नेचरमधला पेपर आहे. 2015 मध्ये बीआरएएफ या कॅन्सरशी संबंधित जीनचा स्यूडोजीन वाढवलेल्या उंदरांना लिम्फोमा झाला. सीडीआर-1-एएस या गोल आरएनएवर तर मिर-7 च्या सत्तरहून जास्त जागा आहेत. याला काय म्हणणार, योगायोग?

पिपेटवाली:
सीडीआर-1-एएसचं पुढचं सोयीस्करपणे गाळलंत. 2017 मध्ये बर्लिनवाल्यांनी तो भागच उंदरातून उडवला. स्पंज असता तर मिर-7 मोकळा सुटून त्याची टार्गेटं खाली यायला हवी होती. झालं उलटं. मेंदूत मिर-7 च कमी झाला आणि त्याची काही टार्गेटं वर गेली. म्हणजे तो मिर-7 ला सांभाळतो असं दिसतं. आणि बीआरएएफचा उंदीर म्हणजे बाहेरून स्यूडोजीन ओतलेला उंदीर.

मी स्वतः यातून गेलेय. गाइडना 'ॲक्सिस' (हा आरएनए, तो मायक्रोआरएनए, ते टार्गेट अशी साखळी) हवी होती. आमच्या आरएनएची सीटी (क्यूपीसीआर मशीनवर सिग्नल दिसतो ती सायकल, आकडा मोठा तितका माल कमी) 33, मायक्रोआरएनएची 19. मी प्लेट दाखवली. म्हणाले, "ओव्हरएक्सप्रेस कर, मग येईल." जीन जोरात चालवणाऱ्या सीएमव्ही प्रमोटरचा प्लास्मिड लिपोफेक्टामिनने पेशींत ढकलला, टार्गेटला जोडलेलं चमकणारं ल्युसिफरेज वाढलं. न वाढून सांगतं कुणाला? तीच आकृती थीसिसमध्ये आहे. चौदा सायकलचा फरक म्हणजे सोळा हजार पट, तो कुठल्याच प्रकरणात नाही.

क्यूपीसीआर_काका:
दोन वेगळ्या ॲसेच्या (चाचण्यांच्या) सीटी अशा वजा करत नाहीत, ताई. आरटी (आरएनएचा डीएनए करायची पायरी) वेगळी, प्रायमरची एफिशियन्सी वेगळी.

पिपेटवाली:
बरं काका, चौदा नको, बारा धरा. 4096 पट. खूश?

बायोइन्फो_भाऊ:
तुमचा गाइड वाईट म्हणून अख्खं फील्ड वाईट? 2014 मध्येच शार्पच्या लॅबने दाखवलंय की जे मायक्रोआरएनए टार्गेटांच्या मानाने कमी असतात, तिथे स्पर्धा होऊ शकते. हा पेपर मिरीसाहेबांना दिसला नाही वाटतं.

खवट_मिरी:
दिसला, पाठही आहे. 'काही ठिकाणी होऊ शकते' यावरून 'कोडं सुटलं' इथवर उडी कुणी मारली? टीसीजीए या कॅन्सरच्या खुल्या डेटाबेसमधून डाउनलोड, को-एक्सप्रेशन (कोण कुणाबरोबर वाढतं ते), सायटोस्केप सॉफ्टवेअरमध्ये रंगीत गोळ्यांचं जाळं, झाला पेपर.

निवृत्त_मास्तर:
गोळ्यांवर हसू नका. पदोन्नतीच्या फॉर्मात पेपरचे गुण मागतात आणि आमच्या कॉलेजात तीस वर्षं जुना सेंट्रिफ्यूज. मी रात्री लॅपटॉपवर असलेच गोळे काढले, प्राध्यापक झालो. लाज नाही वाटत.

पिपेटवाली:
सर, तुमचे गोळे वाचून कुणीतरी पुढची पाच वर्षं घालवतं. ती 'कुणीतरी' मी होते.

निवृत्त_मास्तर:
मग सिस्टमला विचारा, मला काय विचारता? पीएचडीला पेपरची सक्ती होती तेव्हा तुम्हीही छापलाच ना?

रानवारा:
ती सक्ती यूजीसीने 2022 च्या नियमावलीत काढली.

पिपेटवाली:
कागदावर. आमच्याकडे गाइड सहीच करत नाहीत पेपरशिवाय. मैत्रिणीने फेलोशिपचे पैसे जर्नलच्या फीला भरले. ते जर्नल पुढे बाद झालं, पैसे गेले ते गेलेच.

क्यूपीसीआर_काका:
हिंदावी या जर्नल छापणाऱ्या प्रकाशकाने 2023 मध्ये आठ हजारांवर पेपर मागे घेतले. त्यातले सगळे काही तुमच्या फेलोशिपवाल्यांनी लिहिले नव्हते. पेपर मिल नावाचा बनावट पेपर विकायचा धंदा आहे, चीनमधल्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनाही पदोन्नतीसाठी पेपर लागायचे. मायक्रोआरएनए आणि नॉनकोडिंग आरएनए हा त्यांचा लाडका माल. जीनचं नाव बदला, कॅन्सर बदला, वेस्टर्न ब्लॉटचा (प्रोटीनच्या चाचणीचा) फोटो तोच. असे पेपर हुडकणाऱ्या संशोधक जेनिफर बर्न प्रायमरचे (जीन ओळखायला वापरलेल्या डीएनएच्या तुकड्यांचे) सीक्वेन्स तपासतात तेव्हा कळतं, सीक्वेन्स भलत्याच जीनचा.

निवृत्त_मास्तर:
म्हणजे मी चीनची मिल? शोभतं का हे?

क्यूपीसीआर_काका:
मी नाव घेतलं नाही. तुम्हीच टोपी घातलीत.

खवट_मिरी:
अहो, धागा सीई-आरएनएचा आहे.

रानवारा:
होता.

बायोइन्फो_भाऊ:
ठीक आहे. 'कोडं सुटलं' हे शीर्षक बदलतो, मिरीसाहेबांची झोप उडायला नको. पण मग करायचं काय ते सांगा. प्रत्येकाने प्रती थेट मोजणारं डिजिटल पीसीआर मशीन विकत घ्यायचं?

खवट_मिरी:
गरज नाही. माहीत प्रमाणाच्या आरएनएची स्टँडर्ड कर्व्ह लावा, साध्या मशीनवर पेशीमागे प्रती निघतात. मायक्रोआरएनए आणि त्याची बाकी टार्गेटंही तशीच मोजा. मग जीन न उडवता फक्त मायक्रोआरएनए चिकटायची जागा क्रिस्परने (जीन कापायच्या तंत्राने) जागेवरच बिघडवा. टार्गेट हललं तर मी इथे येऊन हार घालीन.

निवृत्त_मास्तर:
आणि त्या क्रिस्परच्या बिलाची फाइल अकाउंट्समधून कोण सोडवून आणणार? तुम्ही?