रोजच लिहायला हवं का?

ब्लॉगवर रोज काहीतरी टाकत राहिलं की वाचक टिकतात असं म्हणतात, ते मला नाही पटत. महिन्यातून एकदा लिहा हो, पण लिहिणाऱ्याला त्या विषयाचं खरंच वेड आहे हे लगेच कळलं पाहिजे, नुसती माहिती काय, सर्च केली की ढिगाने मिळते. आवडत्या ब्लॉगांचे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा नवीन लेख आपोआप समोर यायची सोयही बऱ्याच जणांची गेली (ही सोय ज्या तंत्रावर चालायची ते आरएसएस अजून चालू आहे म्हणा, वापरतंय कोण!), म्हणजे आता जो आठवणीने परत येतो तो त्या माणसाची नजर आवडते म्हणूनच येतो ना? आणि वाचकाने काही विचारलं तर नुसतं "धन्यवाद" नको, नीट उत्तर द्या, त्याचा मुद्दा वेगळा असेल तर पुढच्या लेखात घ्या की, पटला नसला तरी.