मदत हवी आहे : पहिल्या वर्षासाठी शारीरिक शिक्षण आणि विज्ञानाचे ऐच्छिक विषय कोणते घ्यावेत?

उंबरठा

नमस्कार. मी नुकताच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. या सत्रासाठी शारीरिक शिक्षणाचा एक आणि विज्ञानाचा एक असे दोन ऐच्छिक विषय निवडून परवा संध्याकाळपर्यंत अर्ज भरायचा आहे. शारीरिक शिक्षणात पोहणे, योग, बॅडमिंटन आणि वेट ट्रेनिंग असे चार पर्याय आहेत, तर विज्ञानात खगोलशास्त्र, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि मूलभूत रसायनशास्त्र. यांपैकी वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यायचे नाही, हे माझे ठरलेले आहे. उरलेल्या दोहोंपैकी कोणता विषय झेपेल आणि शारीरिक शिक्षणात काय घ्यावे, एवढेच सांगावे. दोन दिवस माहितीपुस्तिका चाळूनही निर्णय होत नाही, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे.

वाटाड्या

लवकर उत्तर हवे असेल तर आधी थोडी माहिती द्यावी लागेल. तुमचा मुख्य विषय कोणता आहे? विज्ञानाचा विषय किती श्रेयांकांचा आहे आणि त्याला प्रात्यक्षिके आहेत का? शाळेत गणित कुठपर्यंत केले आहे? तुम्ही वसतिगृहात राहता की रोज ये-जा करता? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या आठही वर्गांच्या वेळा काय आहेत? पहिल्या वर्षाची मुले विषयाच्या नावावरून निवड करतात आणि वेळापत्रक हाती आल्यावर अडचणीत येतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

दुर्बीण

खगोलशास्त्र घ्या, डोळे मिटून घ्या. मुख्य विषय काहीही असला तरी फरक पडत नाही, कारण हा विषय सर्वांसाठीच आखलेला असतो. आमच्या प्रात्यक्षिकात आम्ही सलग काही रात्री गुरूचे चार मोठे चंद्र पाहून त्यांच्या जागा कागदावर ठिपक्यांनी टिपल्या आणि त्यावरून प्रत्येकाचा प्रदक्षिणाकाळ काढला. गॅलिलिओने १६१० मध्ये ज्या चंद्रांची नोंद केली, त्यांतला आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि कॅलिस्टोला जवळपास सतरा दिवस लागतात, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि स्वतःच्या ठिपक्यांतून ते निघालेले पाहणे वेगळे. गणिताची भीती मुळीच बाळगू नका.

मोजपट्टी

दुर्बीण यांच्या उत्साहाचा आदर राखून सांगतो की शेवटचे वाक्य पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखे नाही. ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत मोजताना पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक, म्हणजेच एका प्रतीला सुमारे अडीच पट. हे मोजमाप लॉगॅरिथमवर उभे आहे आणि पहिल्या चार-पाच आठवड्यांतच समोर येते. ग्रहाचा प्रदक्षिणाकाळ आणि त्याचे सूर्यापासूनचे अंतर यांचे नाते सांगणारा केप्लरचा तिसरा नियम वापरायचा तर वर्ग, घन आणि त्यांची मुळे काढता आली पाहिजेत. हे अवघड नाही, पण ज्याचा गणिताचा सराव सुटला आहे त्याला त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, आणि तो वेळ श्रेयांकांत कुठेही दिसत नाही.

भूस्तर

मी भूशास्त्र शिकलो आणि पुढे बरीच वर्षे प्रात्यक्षिके घेतली, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे उघड आहे. पहिल्या वर्षाच्या भूशास्त्राला गणित जवळजवळ लागत नाही. हाताने तपासणे, नीट पाहणे आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत लिहिणे लागते. खनिजाचा तुकडा हातात घेऊन त्यावर नखाने, मग पोलादी पात्याने ओरखडा उठतो का ते पाहायचे. काठिण्य मोजणाऱ्या मोसच्या मापक्रमावर नख साधारण अडीच, कॅल्साइट तीन, पोलादी पाते साडेपाच आणि क्वार्ट्झ सात. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की लगेच फसफसतो, क्वार्ट्झवर काहीच होत नाही. पांढरट दिसणारे दोन तुकडे असे वेगळे करता आले की विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो. फक्त त्यात एखादी दिवसभराची क्षेत्रभेट असते, तिची तारीख आधी विचारून घे.

उंबरठा

इतके प्रश्न येतील असे वाटले नव्हते, पण उत्तरे देतो. मुख्य विषय इतिहास आहे. विज्ञानाचा विषय चार श्रेयांकांचा आहे. आठवड्याला तीन तास व्याख्याने आणि तीन तासांचे एक प्रात्यक्षिक. खगोलशास्त्राचे प्रात्यक्षिक सोमवारी रात्री साडेआठ ते साडेअकरा असते, भूशास्त्राचे बुधवारी दुपारी. पोहण्याचा वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला आहे. योग त्याच दिवशी साडेसातला, बॅडमिंटन आणि वेट ट्रेनिंग संध्याकाळी पाचनंतर. शाळा संपल्यापासून गणिताला हात लावलेला नाही. मी घरून ये-जा करतो. मला पोहायला येत नाही आणि शिकायची फार इच्छा आहे. आता तरी सांगा.

जलतरंग

मग पोहणेच घ्या, यात विचार करण्यासारखे काही उरतच नाही. मी स्वतः विसाव्या वर्षी शिकले. पहिले दोन आठवडे आम्ही काठाला धरून पाण्यात तोंड बुडवून नाकातोंडाने श्वास सोडायचो आणि वर आल्यावर घ्यायचो, बाकी काही नाही. नवशिक्यांना वाटते की हातपाय मारणे अवघड आहे. खरे तर श्वास पाण्यात सोडणे अवघड असते, कारण भीतीने माणूस तो कोंडून धरतो. चष्मा घेताना दुकानातच दोरी न लावता नुसता डोळ्यांवर दाबून पाहा. क्षणभर तो आपोआप चिकटून राहिला तर पाणी शिरणार नाही. टोपी सिलिकॉनची घ्या आणि तलावातून आल्यावर केस लगेच साध्या पाण्याने धुवा.

वाटाड्या

जलतरंग ताई, चष्म्याचे नंतर पाहू. उंबरठा, तुम्हीच दिलेल्या वेळा एकाखाली एक लिहून पाहा. सोमवारी रात्री साडेअकराला आकाशनिरीक्षण संपणार आणि मंगळवारी सकाळी साडेसहाला तुम्ही पाण्यात उतरायचे. घरून येण्याला किती वेळ लागतो, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

उंबरठा

दीड तास. एका बाजूचा.

मोजपट्टी

म्हणजे मध्यरात्री एकला घरी पोहोचायचे आणि पहाटे साडेचारला उठायचे. खगोलशास्त्र आणि पोहणे ही जोडी या सत्रात जमणार नाही. थकलेल्या शरीराने नवशिक्याने खोल पाण्यात उतरणे सुरक्षितही नाही.

दुर्बीण

आकाश ढगाळ असेल त्या रात्री निरीक्षण रद्द होते, एवढे तरी लक्षात घ्या. पण दीड तासाचा प्रवास असेल तर माझा आग्रह मी सौम्य करतो.

पायवाट

वेट ट्रेनिंगबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. संध्याकाळचा वर्ग आहे, पूर्वतयारी लागत नाही आणि प्रगती वहीत आकड्यांनी दिसते. पहिल्या वर्गानंतर एक ते तीन दिवस मांड्या आणि खांदे दुखतील, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. त्याला घाबरून वर्ग सोडू नये. प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

हिरवळ

इतिहासाबरोबर सांख्यिकी घेतली असती तर पुढे संशोधनात फार उपयोग झाला असता. मुख्य विषय बदलण्याची मुदत अजून असेल तर जरूर विचार करा. जुन्या जनगणना आणि करांच्या नोंदी वाचायला आकड्यांची जाण लागते.

उंबरठा

मुख्य विषय बदलायचा नाही. कृपया विचारलेल्या प्रश्नावरच बोलावे, माझ्याकडे एकच दिवस उरला आहे.

सूक्ष्मदर्शी

मला सुरुवातीपासून एक गोष्ट खटकते आहे. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र "ठरलेले आहे" म्हणून तुम्ही पहिल्याच परिच्छेदात बाजूला काढले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या चारांपैकी वनस्पतिशास्त्र सर्वांत जवळचे वाटावे, असे माझे मत आहे. ते का नको? कारण कळले तर कदाचित तेच कारण भूशास्त्रालाही लागू पडेल.

उंबरठा

त्याचा इथे संबंध आहे असे वाटले नव्हते. मला लाल आणि हिरवा या रंगांतला फरक नीट कळत नाही. लाल रंग तर बऱ्याचदा काळपटच दिसतो. शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगात द्रावणाचा रंग केव्हा बदलला ते मला शेजारच्या मित्राला विचारावे लागायचे, आणि शिक्षकांना ती नक्कल वाटली. बॅडमिंटन नको वाटते तेही त्यामुळेच. शाळेच्या सभागृहात हिरव्या जमिनीवर तीन खेळांच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत आखलेल्या होत्या आणि आमच्या रेषा कोणत्या हे मला दर वेळी विचारावे लागायचे.

सूक्ष्मदर्शी

हे सांगितलेत ते फार बरे झाले, आणि वनस्पतिशास्त्राचा माझा आग्रह मी मागे घेते. खोडाचा पातळ छेद घेऊन आपण तो सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीन या दोन रंगद्रव्यांत बुडवतो. जलवाहिन्यांच्या कठीण भिंती लाल होतात आणि बाकीच्या मऊ पेशी हिरव्या. म्हणजे ज्या दोन रंगांत तुमचा गोंधळ होतो, नेमक्या त्यांच्यावरच ते प्रात्यक्षिक उभे असते. रसायनशास्त्रात मिथाइल ऑरेंज हे दर्शक लालाकडून पिवळ्याकडे जाते, तीही तीच अडचण. मात्र तिथे सामूमापक, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे ते आकड्यांत दाखवणारे यंत्र, वापरून आलेख काढता येतो, आणि मागितल्यास प्रयोगशाळेने तो द्यायला हवा.

एक गोष्ट मनापासून सांगते. रंगांधळेपणाचे पहिले सविस्तर वर्णन १७९४ मध्ये जॉन डाल्टन यांनी स्वतःच्या दृष्टीवरून लिहिले, आणि अणुसिद्धांत मांडणारे डाल्टन ते हेच. त्यांच्या इच्छेनुसार मृत्यूनंतर त्यांचे डोळे तपासण्यात आले, आणि जपून ठेवलेल्या अवशेषातील डीएनएवरून १९९५ मध्ये त्यांचा रंगांधळेपणा नेमका कोणत्या प्रकारचा होता हेही कळले. मित्राला रंग विचारणे ही नक्कल नव्हती. अर्ज भरण्यापूर्वी विभागात जाऊन हे स्पष्टपणे सांगा.

दुर्बीण

मग मी पुन्हा खगोलशास्त्राची बाजू मांडतो. आमच्याकडे ताऱ्याचा रंग डोळ्याने ठरवत नाहीत. निळ्या आणि पिवळसर-हिरव्या गाळणीतून मोजलेल्या प्रतींमधला फरक हाच त्याचा रंगांक. तो आकडा असतो आणि आकडा सर्वांना सारखाच दिसतो.

भूस्तर

दुर्बीण यांचे म्हणणे खरे आहे, पण दीड तासाचा प्रवास त्याने कमी होत नाही. भूशास्त्राबद्दल काहीही न लपवता लिहितो. खनिज ओळखताना वरवरचा रंग हा सर्वांत कमी भरवशाचा गुणधर्म, हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. एकटे क्वार्ट्झच पांढरे, गुलाबी, जांभळे, करडे असे कितीतरी रंगांत मिळते. काठिण्य, चमक, पाटन, म्हणजे तुकडा कोणत्या प्रतलांवर फुटतो ते, आणि हाताला जाणवणारे वजन यांवर बरेचसे काम भागते. गॅलेनाचा तुकडा उचलला की तो शिशाचे खनिज आहे हे हातालाच कळते, कारण त्याची घनता पाण्याच्या साडेसात पट आहे.

अडचण एका ठिकाणी येईल, ती म्हणजे कस पाहताना. खनिज चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासले की पुडीची रेघ उमटते. हेमेटाइटची रेघ तांबूस तपकिरी असते आणि मॅग्नेटाइटची काळी. लाल रंग काळपट दिसत असेल तर या दोन रेघा तुला सारख्याच वाटण्याची शक्यता आहे. ध्रुवण सूक्ष्मदर्शकातले रंग पुढच्या वर्षांत येतात, त्यांची चिंता आता नको. उद्या प्रयोगशाळेत जा, या दोन रेघा ओढून मागा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

वाटाड्या

माझा शेवटचा प्रश्न. शारीरिक शिक्षण याच सत्रात पूर्ण करायला हवे, असा नियम आहे का? माहितीपुस्तिकेतले ते वाक्य शब्दशः वाचून सांगा.

उंबरठा

"विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपूर्वी शारीरिक शिक्षणाचे दोन श्रेयांक पूर्ण करावेत." हे मी वाचले होते, पण अर्जावर तो रकाना आहे म्हणून आत्ताच भरायचा, असे धरून चाललो होतो.

वाटाड्या

उद्या भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाल तेव्हा क्रीडा विभागातही जा आणि पोहण्याचा वर्ग पुढच्या सत्रात दुपारी किंवा संध्याकाळी असतो का, ते विचारा.

उंबरठा

आज दोन्हीकडे जाऊन आलो. प्रयोगशाळेतल्या बाईंनी लाकडी खोक्यातून दोन काळसर तुकडे काढून फरशीवर शेजारीशेजारी रेघा ओढल्या. मला दोन्ही जवळपास सारख्याच दिसल्या आणि मी तसे सांगितले. मला वाटले, आता त्या हा विषय घेऊ नकोस म्हणतील. त्यांनी खणातून दोऱ्याला बांधलेला एक छोटा चुंबक काढून माझ्या हातात दिला. एका तुकड्याजवळ नेल्याबरोबर तो ओढला गेला आणि टक्‌ असा आवाज करून चिकटला. दुसऱ्याजवळ दोरा हललाही नाही. मॅग्नेटाइट कोणते ते मी सांगितले आणि ते बरोबर होते. परीक्षेतही चुंबक वापरता येईल आणि रेघेचा रंग विचारायचा झाल्यास त्या वेगळा नमुना देतील, असे त्यांनी अर्जाच्या मागच्या बाजूला लिहून सही केली आहे. क्षेत्रभेट एकच आहे आणि तीही सुट्टीच्या दिवशी.

पोहण्याचा वर्ग दुसऱ्या सत्रात दुपारी चारला असतो. म्हणून या सत्रात फक्त भूशास्त्र घेतले आहे, शारीरिक शिक्षणाचा रकाना मोकळा सोडला आहे आणि तो तसा चालतो याची कार्यालयात खात्री करून अर्ज दिला आहे. सर्वांचे आभार, विशेषतः सूक्ष्मदर्शी यांचे. भूस्तर सर, भिंग घ्यायला सांगितले आहे, ते कोणते घ्यावे?

भूस्तर

दहा पटींचे, घडी घालून मिटता येणारे घे आणि गळ्यात अडकवायला दोरी लाव. भिंग डोळ्याला अगदी जवळ धरायचे आणि दगड भिंगाकडे आणायचा. नवीन मुले भिंग दगडाजवळ नेऊन स्वतः लांबून पाहतात, तसे करू नकोस.

जलतरंग

दुसऱ्या सत्रात चष्मा घ्यायच्या आधी इथेच लिहा.