मनाने गाताना मेंदूत नक्की काय होतं? दुःखात जास्त सुचतं का?

नौपाड्याची_आई
लेक १४ वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून शास्त्रीय शिकतेय. बंदिश चोख म्हणते पण आलाप तुझ्या मनाने घे म्हटलं की अडकते, मागच्या महिन्यात एका बैठकीत तर दोन आवर्तनं झाली आणि थांबलीच, घरी येऊन खूप रडली. आणि हीच मुलगी आजी गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी किचनमध्ये एकटी मारवा राग गात होती, मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं, इतकं छान तिने कधीच गायलं नव्हतं. मेंदू, भावना आणि सुचणं यावर कोणी शास्त्रज्ञाने काम केलंय का? माहिती असेल तर प्लीज सांगा.

बेलापूर_एमआरआय
ताई, चार्ल्स लिंब म्हणून आहेत अमेरिकेत, कानाचे सर्जन आणि स्वतः सॅक्सोफोन वाजवतात. मी एमआरआय टेक्निशियन आहे म्हणून मला त्यांचं काम फार आवडतं, कारण मशीनमध्ये लोखंड चालत नाही आणि डोकं जरा हललं की इमेज गेली, तरी त्यांनी खास कीबोर्ड बनवून घेतला आणि पियानोवाल्यांना आडवं झोपवून, कीबोर्ड मांडीवर ठेवून एका हाताने वाजवायला लावलं. २००८ ला तो पेपर आला, ६ जॅझ पियानोवादक होते. पाठ केलेलं वाजवताना आणि मनाने वाजवताना असं दोन्ही स्कॅन केलं. मनाने वाजवताना कपाळामागचा बाजूचा भाग, जो आपण चुकतोय का यावर नजर ठेवतो, तो शांत झाला आणि मधला भाग, स्वतःबद्दलच्या गोष्टींशी जोडलेला, तो जागा झाला.

घणसोली_७१
म्हणजे उजवा मेंदू कलेचा आणि डावा गणिताचा, तेच ना?

बेलापूर_एमआरआय
नाही दादा, ती समजूत चुकीची आहे, दोन्ही बाजू कामाला असतात. ताईंच्या प्रश्नाचा पेपर २०१६ चा आहे, त्यात लिंबही होते. १२ जॅझ पियानोवादकांना एका बाईच्या हसऱ्या, उदास चेहऱ्याची चित्रं दाखवून त्या भावनेचं वाजवायला सांगितलं. तो नजर ठेवणारा भाग आनंदाचं वाजवताना जास्त शांत झाला! उदास वाजवताना मात्र इन्सुला (भावनांशी संबंध असलेला मेंदूचा एक भाग) आणि समाधान-बक्षिसाशी संबंध असलेला भाग यांचं कनेक्शन वाढलं. म्हणजे दुःखात जास्त सुचतं असं त्यातून निघत नाही, रस्ता वेगळा आहे एवढंच.

पेटीवाले_काका
चाळीस वर्षं साथ करतोय म्हणून बोलतो. ते पियानोवाले मुरलेले कलाकार होते हे विसरू नका, आधी बोटात असेल तरच नजर काढून घेता येते, आणि तुमच्या लेकीच्या गळ्यात ते आहे, किचनमध्ये ऐकलंत की. तिथे समोर कोणी बसलं नव्हतं हेही बघा. मारव्यात सा वर टेकता येत नाही, सारखी हुरहूर, आजीसाठी तिला तोच सुचला यात मला नवल वाटत नाही. रोज दहा मिनिटं दार लावून, फक्त तानपुरा सुरू ठेवून गाऊ दे, रेकॉर्ड करू नका, कसं झालं विचारू नका.

नौपाड्याची_आई
काका, आजपासूनच करते. खरं सांगायचं तर दाराबाहेरूनही मी चुका मोजत असते, ते तिला कळत असणार. तिला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणाली, त्या मशीनमध्ये वाजवताना त्यांना भीती नाही वाटली?

बेलापूर_एमआरआय
ताई, तिला सांगा, आमच्याकडे बरेच जण पहिली दोन-तीन मिनिटं मूठ घट्ट आवळून असतात. मग आवाजाची सवय होते आणि बोटं आपोआप सैल पडतात, मला काचेतून दिसतं.