बेहसेट आणि महाधमनीचा फुगा: ऑपरेशन आधी की स्टेरॉइड आधी?

चकवा
धाकट्या भावाला (वय ३४) बेहसेट (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) आहे. सारखं तोंड येणं, डोळे लाल होणं अंगवळणी पडलं होतं. आता पोटातल्या महाधमनीला अ‍ॅन्युरिझम (फुगा) निघालाय. सर्जन म्हणतात लगेच ग्राफ्ट (फुग्याच्या जागी बसवायची नळी) घालू, संधिवाताचे डॉक्टर म्हणतात आधी सूज उतरवू. कुणाचं ऐकावं?

निवांत
आम्ही यातून गेलोय. नवऱ्याच्या मांडीच्या धमनीला फुगा होता. सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) चढलेला असतानाच ऑपरेशन उरकलं. तोवर बेहसेटचं नावही कुणी घेतलं नव्हतं. आठ महिन्यांनी जांघेत, जुन्या व्रणाखालीच गाठ. बोट ठेवलं की उडायची. ग्राफ्ट शिवला होता तिथेच भिंत सुटली होती. दुसऱ्या खेपेला आधी स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), मग ऑपरेशन. भावाला पोटात-पाठीत दुखत नसेल तर मी संधिवातवाल्यांचं ऐकेन.

बिनटाका
दुखत असेल, फुगा झपाट्याने वाढत किंवा झिरपत असेल तर मात्र थांबायचं नाही. तेव्हा स्टेरॉइड शिरेतून सुरू करून बरोबरीनेच ऑपरेशन. एरवी आधी सूज उतरवायची, कारण सुजलेली भिंत टाका धरत नाही. बेहसेटमध्ये नुसती सुई टोचली तरी एक-दोन दिवसांत पुळी उठते ना, धमनीचंही तसंच. म्हणून तपासणीपुरतं धमनीत कॅथेटर (बारीक नळी) घालणं टाळून सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी स्कॅन) करतात. स्टेंट ग्राफ्टमध्ये (धमनीच्या आतून बसवायची जाळीदार नळी) चिरफाड कमी, पण त्याच्याही टोकाशी नवा फुगा येऊ शकतो.

सर्जनना विचारा: जोड निरोगी भिंतीपर्यंत नेणार का? बाहेरून टेफ्लॉनच्या पट्टीचा आधार देणार का? आणि छातीचा सीटी झालाय का? फुप्फुसाच्या धमनीत फुगा असताना रक्त पातळ करणारी औषधं दिली तर जिवावर बेतू शकतं. हे आधी बघा, बाकी नंतर.

उलटी_नाडी
मला ताकायासु (महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज आणणारा आजार) आहे, आजार वेगळा पण धडा तोच. ईएसआर (सुजेची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. माझा नॉर्मल होता आणि पेट स्कॅनमध्ये (सुजलेला भाग उजळ दिसतो ती तपासणी) महाधमनी उजळून निघाली होती! ऑपरेशननंतर बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, हेही भावाला आत्ताच बजावून ठेवा.

चकवा
दुखत नाहीये. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून दिलं, तर दहा मिनिटांत एकमत. आधी औषधं, मग पुन्हा सीटी, मग तारीख. छातीचा सीटी झालाच नव्हता. उद्या सकाळची वेळ मिळालीय.