मदत हवी आहे: नायट्रॉक्स अ‍ॅनालायझर पुण्यात २०.९, मालवणात २१.९. सेल गेला का?

पाणबुड्या:
ग्रुपसाठी एक वापरलेला नायट्रॉक्स अ‍ॅनालायझर (डायव्हिंगच्या जास्त ऑक्सिजनवाल्या हवेतला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) बघतोय, सध्या चाचणीला हातात आहे. पुण्यात उघड्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजनला लावला. नॉब न हलवता मालवणात किनाऱ्यावर धरला तर २१.९. आतल्या सेन्सरवरची, म्हणजे सेलवरची, तारीख पुसली गेली आहे. सेल खराब आहे का? घ्यावा की नवाच बघावा? आणि कॅलिब्रेशन नेमकं कसं करायचं? पुढच्या महिन्यात अंदमानात ३२ टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स वापरायचा आहे.

दर्यावर्दी:
सेलला बोल लावू नका, तो खरं सांगतोय. हा सेल मुळात टक्के मोजतच नाही. आत शिसं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. पडद्यातून जितका ऑक्सिजन शिरेल तितके मिलिव्होल्ट. आणि किती शिरेल ते ऑक्सिजनच्या आंशिक दाबावर, म्हणजे एकूण दाबातल्या त्याच्या वाट्यावर, ठरतं. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. मालवणात १०१० धरा. नुसत्या दाबाच्या फरकाने २०.९ चे २२.२ व्हायला हवेत. मधले ०.३ दमटपणाने खाल्ले.

म्हणजे घाट उतरलात की कॅलिब्रेशन नव्याने. खरं तर प्रत्येक मोजणीआधीच.

पण किनाऱ्यावरच्या हवेला २०.९ म्हणणं हीसुद्धा चूक. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एकूण दाबातले ३४ मिलिबार वाफेचेच असतात, त्या हवेत ऑक्सिजन उरतो २०.२ टक्के. तिला २०.९ धरलं की टाकीतला कोरडा ३२ टक्के वायू ३३.१ दिसतो. म्हणून साध्या हवेची भरलेली टाकी शेजारी ठेवा आणि कॅलिब्रेशन तिच्यावर करा.

टाक्या आणि उपकरण १०-१५ मिनिटं सावलीत ठेवा. नुकतीच भरलेली गरम टाकी मोजू नका. बीसीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला बसणारा, आत बारीक छिद्र असलेला अडॅप्टर घ्या, त्यातून मिनिटाला १ ते २ लिटर स्थिर प्रवाह मिळतो. आकडा ३० ते ६० सेकंद हलेनासा झाला की २०.९ लावा, मग त्याच प्रवाहावर नायट्रॉक्सची टाकी. रेग्युलेटर एका टाकीवरून दुसरीवर नेला असेल तर होजमधली जुनी हवा आधी सोडून द्या.

व्हॉल्व्ह फुसकन उघडून सेल टाकीच्या तोंडाशी धरणारे बरेच दिसतात. त्याने सेलवर दाब चढतो आणि आकडा फुगतो. प्रवाह फार कमी ठेवला तर बाहेरची हवा मिसळून आकडा पडतो, आणि हे जास्त वाईट. ३२ टक्क्यांना ऑक्सिजनच्या १.४ बार आंशिक दाबाच्या हिशेबाने मर्यादा ३३ मीटर, ३६ ला २८. टाकीत ३६ असून ३२ समजून ३३ मीटरवर गेलात तर आंशिक दाब १.५५, म्हणजे मर्यादेच्या वर.

कोळंबी:
खरेदीचं बोलतो. मिलिव्होल्ट दाखवणारं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर सेलची पिन काढून मल्टिमीटर लावा. डायव्हिंगचे बहुतेक नवे सेल समुद्रसपाटीला हवेत ९ ते १३ मिलिव्होल्ट देतात. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात असते. त्याखाली गेला, किंवा २०.९ आणायला नॉब टोकापर्यंत फिरवावा लागला, तर सेल संपत आलाय. आयुष्य साधारण २-३ वर्षं, तेही बनल्या तारखेपासून. खोक्यात पडूनही झिजतो. तारीखच नाही म्हणजे नव्या सेलची किंमत भावातून वजा करा, खुशाल.

जुना सेल हवेत शहाण्यासारखा वागतो आणि वरच्या टक्क्यांना दमतो. म्हणून शुद्ध ऑक्सिजनवर तपासा: कोरड्या हवेतले मिलिव्होल्ट गुणिले ४.७८. बोटीवरच्या प्रथमोपचाराच्या ऑक्सिजन सिलिंडरवर जमतं, प्रवाह तोच ठेवून.

आकडा उड्या मारत असेल तर सेलआधी जॅक बघा. खाऱ्या हवेने पिन हिरवी पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. सेलचं तोंड खाली असू द्या, पडद्यावर थेंब बसला की आकडा कमी येतो.

आणि हे यंत्र कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. कॉम्प्रेसरची हवा शोषणारी नळी इंजिनच्या धुराजवळ असेल तर ३२.० अचूक दाखवणारी टाकीही विषारी असू शकते. युरोपीय मानकात मर्यादा ५ पीपीएम (दहा लाखांत ५ भाग) आहे. त्याचा मीटर वेगळा घ्यावा लागतो.

पाणबुड्या:
दोघांचे आभार. मालवणात टाकीतल्या हवेवर १०.४ मिलिव्होल्ट. ऑक्सिजनवर ४९.७ यायला हवे होते, आले ४६.१. म्हणजे सेल दमलाय?

दर्यावर्दी:
४६.१ म्हणजे ९२.७ टक्के. थांबा, इतक्यात सेल फेकू नका. सिलिंडर पीएसए प्लांटवर (हवेतला नायट्रोजन शोषून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या) भरलेला असेल तर त्यात ऑक्सिजनच ९३ च्या आसपास असतो, बाकी आर्गॉन आणि नायट्रोजन. हवेपासून द्रवरूपात वेगळ्या केलेल्या ऑक्सिजनचा सिलिंडर ९९ च्या वर असतो. तुमचा सिलिंडर कुठे भरून आणला ते बोटवाल्याला विचारा, मग ९९ च्या वरच्या सिलिंडरवर पुन्हा मोजा. तिथेही ४६ च आले तर मात्र सेल बदला.