मदत हवी आहे: आरएक्स १०० चा स्ट्रोक वाढवल्यावर पोर्ट टायमिंगचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. बाबांची यामाहा आरएक्स १०० पूर्ण उघडली आहे. बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) वाजत होतं, त्यामुळे क्रँक प्रेसवर सुटा करावाच लागला. तेव्हाच ठरवलं की आता ऑफसेट (केंद्रापासून सरकवलेली) क्रँक पिन बसवून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, वाढवू.

मूळ माप ५० बाय ५० मिमी (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक), म्हणजे ९८ सीसी. पिन २ मिमी बाहेर सरकवली की धाव वर २ आणि खाली २ मिमी वाढते, म्हणजे स्ट्रोक ५४ आणि सीसी साधारण १०६. सगळे सांगतात, आरएक्स १३५ सारखा ५८ चा बोअर कर, १३२ सीसी मिळतील. पण हा बॅरल (सिलिंडर) बाबांनी जिवापाड जपलाय, तो मला बदलायचा नाही. शिवाय मला टॉप स्पीड नको, घाटात खालचा, म्हणजे कमी आरपीएमचा, जोर हवाय.

आता अडचण. पिस्टन वर २ मिमी जास्त येऊन हेडला लागेल, म्हणून बॅरलखाली २ मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट टाकायची. पण मग खालच्या टोकाला पिस्टन पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) मानाने आधीपेक्षा ४ मिमी खाली जातो. एक्झॉस्ट पोर्टही लवकर उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. मग मला हवा तो खालचा जोरच जाईल ना? एक्झॉस्ट आधीच्याच वेळी उघडायला हवा, तर प्लेट पातळ करावी का? पण मग पिस्टन पुन्हा हेडला लागेल.

पहिल्या लेथवाल्याने क्रँक नुसत्या नजरेने सरळ करून दिला, डायल गेज (बारीक डोलणं मोजणारं घड्याळ) लावल्यावर डोलताना दिसला. पुणे-सातारा पट्ट्यात गेज लावून क्रँक ट्रू (अगदी सरळ) करणारं, बॅलन्सिंगही बघणारं कुणी माहीत आहे का?